फिल्म क्लबच्या कमिटीला खुलं पत्र : फाल्कोनेत्ती नटी होती हो!

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारपासून हे पत्र डोक्यात घोळतंय. कमिटीत सगळे ओळखीचेच आहात, तोंडावर बोलले असते तर चहा पाजून विषय बदलला असतात, म्हणून लिहूनच टाकते, आणि सगळ्यांसमोर लिहिते कारण त्या दिवशी हॉलमध्ये जे सत्तरेक जण होते त्यांनाही हे कळायला हवं.

आधी चांगलं बोलून घेते. आपल्यासारख्या गावात रविवारी संध्याकाळी 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' लावायचा, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढलेल्या आणि धर्मद्रोही ठरवून जिवंत जाळलेल्या फ्रेंच पोरीच्या खटल्याचा सिनेमा, १९२८ सालचा, मूकपट, काळापांढरा, गाणं नाही की मारामारी नाही, आणि तरी सत्तर माणसं गोळा करायची, हे सोपं नाहीये. तुमच्या खिशातून पैसे जातात हेही माहितीये. प्रिंट पण झकास होती. एवढं झालं, आता भांडते.

सिनेमा सुरू व्हायच्या आधी निवेदकांनी दहा मिनिटं जी प्रस्तावना केली ना, ती मला आठवडाभर झोपू देत नाहीये. काय सांगितलं त्यांनी? की जोनचं काम करणाऱ्या बाईचा हा आयुष्यातला एकमेव चित्रपट, दिग्दर्शकाने तिला तासन् तास दगडी फरशीवर गुडघ्यावर बसवून ठेवलं, ती कोलमडल्यावरच कॅमेरा सुरू केला, तिच्या दंडातून खरं रक्त काढलं, आणि या सगळ्यानंतर ती परत कधी अभिनय करूच शकली नाही. हॉलमध्ये सगळीकडून च्च च्च च्च. माझ्या शेजारच्या काकूंनी तर सिनेमा सुरू व्हायच्या आधीच रुमाल काढला. म्हणजे पडद्यावर चेहरा यायच्या आत लोकांनी ठरवून टाकलं की आपण आता एका बाईचे हाल बघायला बसलोय.

अहो, नटी होती ती! काम करत होती!

रने जान फाल्कोनेत्ती. जन्म १८९२ चा, पॅरिसच्या कडेला पांतँ नावाचं गाव आहे तिथला. शूटिंग झालं १९२७ साली, म्हणजे पस्तिशीची बाई एकोणीस वर्षांच्या पोरीचं काम करत होती, हे आधी लक्षात घ्या. कोमेदी फ्रांसेज या फ्रान्सच्या सरकारी नाटक कंपनीत काम केलेली, पॅरिसच्या नाटकवाल्यांत नाव असलेली, हलकीफुलकी फॅशनेबल नाटकं गाजवलेली नटी. कार्ल ड्रायरने, म्हणजे या सिनेमाच्या दिग्दर्शकाने, तिला पहिल्यांदा बघितलं ते अशाच एका हलक्या नाटकात, आणि तिथे काही तो एकदम भारावून वगैरे गेला नाही. नंतर भेटायला गेला, दुसऱ्यांदा बोलला, मग म्हणाला की मेकअप न करता एक टेस्ट देशील का. ती टेस्ट बघितल्यावर त्याला रंगाच्या खालचा चेहरा दिसला, साधा, गावाकडचा, काहीतरी सोसलेला. हे त्यानेच नंतर मुलाखतीत सांगितलंय. आणि 'एकमेव चित्रपट' म्हणाल तर १९१७ साली तिने दोन फ्रेंच चित्रपटांत कामं केलेली होती. छोटी गोष्ट आहे, पण आपल्या पोस्टरवर मोठ्या अक्षरात 'एकमेव' छापलेलं होतं ना, म्हणून सांगितलं.

आता 'परत कधी अभिनय केला नाही' हे. यावर तर मी खुर्चीतून उठणारच होते पण शेजारी नवरा बसला होता त्याने हात धरला. जोन केल्यावर तिने पॅरिसमध्ये स्वतः एक थिएटर चालवायला घेतलं, तेआत्र द लाव्हन्यू, त्यात पैसे बुडाले तो भाग वेगळा, नाटकात कोणाचे बुडत नाहीत. १९३५ साली लुई जूव्हे या नामवंत नट-दिग्दर्शकाने नाटककार झिरोदूचं ट्रॉयच्या युद्धावरचं नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आणलं तेव्हा त्यात आंद्रोमाक, म्हणजे ट्रॉयचा वीर हेक्टर याची बायको, कोण होती? फाल्कोनेत्ती. समोर हेक्टर म्हणून खुद्द जूव्हे. त्या काळातल्या फ्रेंच रंगभूमीवरचं मोठं काम आहे हे, आणि ते जोननंतर सात वर्षांनी! सिनेमात परत आली नाही हे खरं. पण सिनेमात आली नाही म्हणजे संपली, हा कुठला हिशोब? पुढे महायुद्धात ती युरोप सोडून दक्षिण अमेरिकेत गेली आणि १९४६ साली ब्युनोस आयरेसला वारली. हे दुःखाचं आहेच, पण ते ड्रायरच्या खात्यावर कसं टाकता?

राहिलं रक्त. तो दंडातून रक्त काढायचा शॉट खरा आहे, रक्तही खरं आहे, पण दंड तिचा नाहीये, दुसऱ्या कोणाचा आहे, एक्स्ट्रापैकी कोणाचा तरी. आता त्या एक्स्ट्राबद्दल कोणी च्च च्च केलं का? नाही!

आणि ते गुडघे. ही गोष्ट जगभर छापली जाते हे मान्य, मोठमोठ्या समीक्षकांनी लिहिलीये, त्यामुळे एकट्या निवेदकांना दोष देत नाही. ड्रायर कडक होता, हेकट होता, हेही मान्य. पण सेटवरच्या लोकांच्या आठवणी आणि ड्रायरचं स्वतःचं बोलणं वाचलं की काय दिसतं सांगू? तालीम दिसते. तिचे शॉट असले की तो आजूबाजूला पडदे लावून घ्यायचा, कामाशी संबंध नसलेल्यांना बाहेर काढायचा, सेटवर आवाज बंद. दिवसाचं काम झालं की दुसऱ्या दिवशी दोघं मिळून रशेस, म्हणजे आदल्या दिवशी शूट केलेले कच्चे तुकडे, बघायचे. सात-आठ टेकमध्ये एखाद्या ठिकाणी क्षणभर, अगदी क्षणभर, बरोबर काहीतरी लागलेलं असायचं, ते दोघांना दिसायचं, आणि मग बाकी सगळं बाजूला ठेवून त्या कणापासून परत सुरुवात. मी बारा वर्षं राज्य नाट्य स्पर्धेला उभी राहिलेय, कधी आमच्या केंद्रावर, कधी सांगलीला, आणि तुम्हाला शपथेवर सांगते, यापेक्षा चांगली तालीम मला कोणी दिली नाही. आमचे दिग्दर्शक म्हणायचे, "ते परवा केलंस ना तसं कर." परवा काय केलं ते मला माहीत असतं तर अजून काय हवं होतं!

थोडं विषयांतर होतंय पण होऊ दे. एका नाटकात मला मेलेल्या मुलाचा शर्ट घडी घालायचा सीन होता. रोज रडू यायचं. प्रयोग संपला की बायका विंगेत येऊन विचारायच्या, तुमच्या घरी कोणी गेलंय का हो? कोणी गेलं नव्हतं. मी त्या शर्टाचं तिसरं बटण शोधायचे, ते तुटलेलं होतं, बोटाला तो दोरा लागला की घसा दाटायचा. तिसरं बटण, बस. आता कोणी म्हणालं की दिग्दर्शकाने हिला आधी कानाखाली मारली असणार म्हणून एवढी रडली, तर मला कसं वाटेल? ते नाटक बसवायला दोन महिने गेले होते, ऑफिस सुटलं की साडेसहाला शाळेच्या हॉलमध्ये.

अजून एक गंमत बघा. त्या सिनेमात तिच्यासमोर सगळे पुरुष नट आहेत, आणि काय नट आहेत! खटला चालवणारा कोशों बिशप झालेला सिल्व्हँ हा कोमेदी फ्रांसेजचा जुनाजाणता म्हातारा नट. तो एक दयाळू तरुण भिक्षू आहे ना, डोळे बघूनच माणूस विरघळतो, तो आंतोनँ आर्तो, नाटकवाल्यांना हे नाव माहीत असायला हवं. या सगळ्यांचं मधलं डोकं गोल भादरलं होतं, खऱ्या पाद्र्यांसारखं, आणि ज्यांच्या डोक्यावर शूटिंगभर टोपी असणार होती त्यांचंसुद्धा! कित्येक आठवडे तसंच डोकं घेऊन पॅरिसमध्ये हिंडायचं म्हणजे बघा. पण आर्तोबद्दल बोलताना कोणी म्हणतं का की ड्रायरने बिचाऱ्याचे हाल केले म्हणून तसे डोळे आले? त्याच्याबद्दल म्हणतात, काय अभिनय! आपल्याकडेही तेच. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीसांना बघून लोक म्हणाले, साक्षात तुकोबाच झाले. दामले-फत्तेलालांनी त्यांना उपाशी ठेवलं म्हणून ते भाव आले असं कोणाच्या मनातही आलं नाही. पुरुष नट असला की तो भूमिकेशी एकरूप होतो, आणि बाई असली की तिला कोणीतरी पिळून काढलेलं असतं. हे मला टोचतंय, बाकी काही नाही.

खरं सांगायचं तर हा सिनेमा कसा केला ही गोष्ट इतकी भन्नाट आहे की त्यात खोटा मसाला घालायची गरजच नाही, प्रस्तावनेत ही सांगा ना. फ्रेंच कंपनीने या डॅनिश माणसाला बोलावलं आणि विषय ठरवायचा होता, तीन बायका समोर होत्या, मारी आंत्वानेत, कातेरीना मेदिची आणि जोन, तर म्हणे शेवटी काड्या टाकून जोन निघाली, हे ड्रायरच सांगायचा. जोनला संतपद मिळून तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती, १९२० साली मिळालं, त्यामुळे फ्रान्समध्ये विषय तापलेला, आणि त्यात हा परदेशी. ७० लाख फ्रँकचं बजेट. त्यात पती क्लामारला सिमेंटचा अख्खा किल्ला उभा केला, बुरूज, भिंती, घरं, सगळं जोडलेलं. आणि तो गुलाबी रंगवला! का, तर काळ्यापांढऱ्या फिल्मवर भिंती करड्या दिसाव्यात आणि मागचं आकाश पांढरंफेक. एवढं सगळं करून सिनेमात काय दिसतं? चेहरे. किल्ल्याचा एक तुकडा इकडे, एक कमान तिकडे. पैसे घालणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल कल्पना करा, आपल्याकडे लग्नात दोन लाखांचं डेकोरेशन करावं आणि फोटोग्राफरने फक्त नवरीच्या डोळ्यांचे फोटो काढावेत तसं. वर खालून शॉट घ्यायचे म्हणून जमिनीत सगळीकडे खड्डे खणलेले, तर युनिटमधल्या लोकांनी ड्रायरचं नाव पाडलं होतं कार्ल ग्रुयेर, ते भोकाभोकाचं चीज असतं ना तसं.

आणि मेकअप का नाही हेही सांगा, कारण लोकांना ते पण हालच वाटले. तोपर्यंत वापरात असलेली जुनी फिल्म लाल रंग पकडायची नाही, त्यामुळे कातडी काळपट, डागाळलेली यायची, म्हणून नट तोंडाला थापायचे. नवी पॅनक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग पकडते, कातडी जशी आहे तशी येते, सुरकुती, तीळ, ओठावरची भेग, पापणीचा केस. रुडॉल्फ माते हा कॅमेरामन. म्हणजे फाल्कोनेत्तीकडे लपायला काही उरलंच नाही, ना रंग, ना सेट, ना आवाज. संवाद म्हणायचे पण ऐकू जाणार नाहीत हे माहीत असून म्हणायचे. आम्हा नाटकवाल्यांचं अर्धं काम आवाजावर निभावतं, तो काढून घेतल्यावर नुसत्या चेहऱ्यावर दीड तास! शूटिंगही बहुतेक कथेच्या क्रमानेच केलं, पहिल्या चौकशीपासून चितेपर्यंत, म्हणजे तिला तो चढ पायरी पायरीने चढता आला. १४३१ च्या खटल्याच्या कागदपत्रांतून संवाद घेतलेत, कित्येक महिने चाललेला खटला एका दिवसात बसवलाय, हेही कोणी बोललं नाही.

केस कापायच्या सीनबद्दल मात्र मी थोडी नरम पडते. ते खरेच तिचे केस होते, कॅमेऱ्यासमोर खरेच मुळापासून काढले, ती खरंच रडली आणि लाइट सांभाळणाऱ्या इलेक्ट्रिशियन लोकांचेही डोळे भरले असं तिथे असलेल्यांनी लिहून ठेवलंय. स्टेजवरच्या नटीला केस म्हणजे पुढच्या सीझनचं पोट. तो सीन सुरू झाला तेव्हा आपल्या हॉलमध्ये काय झालं बघितलंत का? पहिल्या रांगेतल्या आजींनी पदर डोक्यावरून घेतला. कोणी सांगितलं नव्हतं. आपल्या प्रत्येकाच्या घरात तीन-चार पिढ्यांमागे एक आत्या नाहीतर पणजी असते आलवणातली, न्हावी मागच्या दाराने यायचा ते लहानपणी ऐकलेलं असतं, आणि मग पडद्यावर झाडूने केस गोळा होताना बघितले की ते वर येतंच. त्या झाडलेल्या केसांबरोबर शिपायांनी थट्टेने घातलेला गवताचा तो मुकुटही झाडून टाकतात आणि तिथेच जोन ठरवते की नाही, जिवाच्या भीतीने मी शब्द फिरवला तो चुकले, बोलवा न्यायाधीशांना परत. किती बारीक काम आहे त्या चेहऱ्यावर तिथे, भीती जाते आणि तिच्या जागी काय येतं याला मला अजून शब्द सापडला नाहीये. हे फरशीवर गुडघे टेकवून येत नसतं हो.

बरं, आता इंटरव्हल. तुरुंगातून तिला छळाच्या खोलीत नेतात, ते काट्यांचं चाक गरागरा फिरायला लागतं, ती बेशुद्ध पडते, आणि दिवे लागले आणि माइकवरून "मंडळी, दहा मिनिटं, चहा आणि वडे." कोणी ठरवलं हे? वडे चांगले होते, पण वड्यांचा वास हाताला असताना परत तिच्याकडे कसं बघायचं! पुढच्या वेळी आधी खायला घाला, नाहीतर नंतर.

संगीताचं काय करायचं ते मात्र नीट बसून ठरवू. तुम्ही लॅपटॉपवरून जी सारंगी आणि मधूनच बासरी लावली होतीत त्यामुळे प्रत्येक वेळी चेहऱ्याआधी वाद्य रडत होतं. मूकपटाला तेव्हा संगीत असायचं हे मला माहितीये, पॅरिसच्या शोसाठीही खास तयार केलं होतं. पण १९५० च्या सुमारास लो दुका नावाच्या गृहस्थांनी बाख वगैरे चढवून एक आवृत्ती काढली ती ड्रायरला अजिबात आवडली नव्हती. एकदा नुसतं शांततेत लावून बघा. खोकला ऐकू येईल, खुर्ची करकरेल, चालेल. आणि स्पीड! मूकपट आजच्या २४ फ्रेमच्या वेगाने चालवला की ८२ मिनिटांत संपतो, २० ने चालवला तर ९७ मिनिटं, दोन्ही वेग डिस्कमध्ये मिळतात. तुम्ही फास्टवाला लावलात. पंधरा मिनिटांची घाई कोणाला होती, वडेवाल्याला?

आणि ही प्रिंट आपल्यापर्यंत कशी आली ते तरी सांगायचं. पॅरिसमध्ये लागायच्या आधीच आर्चबिशपच्या सांगण्यावरून आणि सेन्सॉरमुळे कापाकापी झाली, इंग्लंडमध्ये इंग्रज शिपाई वाईट दाखवले म्हणून बंदी. ६ डिसेंबर १९२८ ला बर्लिनला मूळ निगेटिव्ह जळली. ड्रायरने उरलेल्या टेकमधून, म्हणजे आधी नाकारलेल्या शॉट्समधून, दुसरी निगेटिव्ह जुळवली, ती १९२९ मध्ये पॅरिसजवळच्या लॅबमध्ये जळली. नायट्रेट फिल्म, ठिणगीची वाट बघत बसलेली असते. जोनला जाळली ती जाळली, तिच्या सिनेमालाही दोनदा. ड्रायर १९६८ ला गेला तो आपला सिनेमा मूळ रूपात आता कुठेच उरला नाही असं समजूनच गेला. आणि १९८१ मध्ये नॉर्वेत ओस्लोजवळ मनोरुग्णांच्या इस्पितळात कपाट साफ करताना डबे सापडले, त्यावर डॅनिश सेन्सॉरचा १९२८ चा शिक्का, आत न कापलेली प्रिंट. डबे फिल्म इन्स्टिट्यूटला पाठवले तर तिथे ते आणखी तीन वर्षं तसेच पडून, १९८४ ला उघडले. इंद्रायणीतून गाथा तेरा दिवसांत वर आली, हिला त्रेपन्न वर्षं लागली.

आपलं नशीब एवढं थोर नाही. बाबुराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश' आज कुठे बघणार? आणि २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली तेव्हा जे गेलं ते गेलंच. म्हणून म्हणते, जी बाई वाचून आपल्या गावातल्या हॉलपर्यंत आलीये तिच्याबद्दल तरी नीट बोलू.

पुढच्या महिन्यात कॉलेजच्या मुलांसाठी परत शो आहे असं कळलं. प्रस्तावना बदला. निवेदकांना जमणार नसेल तर मी पाच मिनिटं बोलते, दहा नाही. पोस्टरवरचं 'एकमेव' काढा आणि त्याखालचं 'अभिनय नव्हे, अग्निपरीक्षा' हे तर आधी काढा. आणि पाट्या मराठीत द्या हो, इंग्रजी सबटायटल पहिल्या रांगेतल्या आजींनी कसं वाचायचं? न्यायाधीश जोनला अडकवायला विचारतात, तुझ्यावर देवाची कृपा आहे का, हो म्हणावं तर गर्व, नाही म्हणावं तर गुन्हा कबूल, आणि ती म्हणते, नसेन त्या कृपेत तर देव मला तिथे नेवो, असेन तर तिथेच ठेवो. न शिकलेली पोर! त्या उत्तरावर न्यायाधीशांचे चेहरे बघण्यासारखे आहेत आणि आपल्या अर्ध्या हॉलला ते कळलंच नाही.

सगळ्या पाट्यांचं मराठी मी करून ठेवलंय, फार नाहीयेत, चार पानांत बसतात, मोठ्या अक्षरात. शनिवारी झेरॉक्सला टाकते. किती प्रती काढू तेवढं कळवा, आणि हॉलमधली ती दाराजवळची ट्यूबलाइट बंद होत नाही तिचं काहीतरी बघा.

तुमचीच,
तिसऱ्या रांगेतली, वर्गणी वेळेवर भरणारी एक सभासद